रिक्रूटरने माझ्या सीव्हीत ‘रिझर्विंगचा अनुभव’ घुसडला. आता काय करू?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा. (रिझर्विंग म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या विमा-दाव्यांसाठी कंपनीने किती पैसे बाजूला ठेवायचे याचा हिशेब.)

आधी पार्श्वभूमी. सांगलीत बीएस्सी स्टॅटिस्टिक्स केलं, पुण्यात एमएस्सी अर्धवट सोडली आणि आयटीत शिरलो. नऊ वर्षं टेस्टिंग. त्यातली शेवटची अडीच वर्षं अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर. क्लेमचा डेटा एका सिस्टीममधून निघतो, दुसरीत शिरतो, मधल्या वाटेत काही सांडलं का ते मी बघतो. एवढंच. विमागणित, म्हणजे ॲक्च्युरियल काम, त्यात औषधालाही नाही.

पण त्या डेटाकडे बघता बघता कॉलेजातलं जुनं वेड उफाळून आलं. रात्री वाचायला लागलो. बायको म्हणाली, नुसतं वाचतोस कशाला, परीक्षा दे. एसेट (ॲक्च्युअरी, म्हणजे विमागणिती, होण्यासाठीची प्रवेश परीक्षा) दिली, ॲक्च्युअरींच्या इन्स्टिट्यूटची मेंबरशिप घेतली, सीएस१ (संख्याशास्त्राचा पेपर) पहिल्या फटक्यात आणि सीएम१ (विमागणिताचा) दुसऱ्या फटक्यात निघाला. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे शेवटी एलआयसीचा एजंटच ना?”

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात दुपारी हिंजवडीला ऑफिसच्या जिन्यात फोन आला. “सर, ॲक्च्युरियल में अर्जंट रिक्वायरमेंट है.” मी सगळं स्पष्ट सांगितलं: दोन पेपर झालेत, अनुभव नाही, नोटीस ९० दिवसांची. “कोई बात नहीं सर, अपडेटेड सीव्ही भेज दीजिए.” पाठवला. मग अकरा दिवस चिडीचूप. फोन केला की “मीटिंगमध्ये आहे”. आणि एका गुरुवारी रात्री साडेआठला मेसेज: उद्या साडेअकराला इंटरव्ह्यू.

स्क्रीनवर दोघं होते. त्यातल्या मॅडमनी एक्सेल शेअर केलं. आकड्यांचा एक त्रिकोण, उजवीकडचा खालचा भाग रिकामा. “तुम्ही रिझर्विंग करता ना, मग हा भरून दाखवा आणि शेवटचा फॅक्टर कसा निवडाल ते सांगा.” मी म्हटलं, मी रिझर्विंग करत नाही. त्या दोन सेकंद गप्प बसल्या आणि सीव्ही उघडला. वर एजन्सीचा लोगो, खाली माझं नाव, त्याखाली ‘एकूण अनुभव ९ वर्षे, पैकी २.५ वर्षे ॲक्च्युरियल रिझर्विंग’. विचारलं, “ही ओळ तुमची आहे?” म्हटलं, नाही. “ओके. थँक यू.” अकरा मिनिटांत खेळ खलास.

रिक्रूटरला फोन लावला. आवाजात जराही चलबिचल नाही. “सर, फिल्टर पास करवाना पडता है. क्लेम्स पे ही तो काम किया है आपने.” आणि कालच दुसऱ्या कंपनीसाठी त्याचाच फोन! म्हणे सध्या १९ लाख आहेत तर २२ सांगा. मी मनात १३-१४ वर यायची तयारी करून बसलोय. घराचा हप्ता आहे, मुलगी बालवाडीत आहे, तरी हिशेब बसतो.

त्या पहिल्या कंपनीला काही लिहावं का, की उगाच जखमेवरची खपली काढणं होईल? आणि क्षेत्र बदलताना रिक्रूटरच्या नादाला लागावं का मुळात? अनुभवी लोकांनी सांगा.

काडीपेटी

एआय सगळ्यात आधी आकडेमोडवाल्यांना खाणार म्हणतात आणि तुम्ही त्याच्याच ताटात जाऊन बसताय. एका भोकाच्या होडीतून उतरून दुसऱ्या भोकाच्या होडीत. (ह.घ्या.)

गुणक

काडीपेटी यांच्याकडे दुर्लक्ष करून मुद्द्यावर येतो. मी मुंबईत जनरल इन्शुरन्समध्ये आहे, बारा वर्षं, आणि त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बऱ्याचदा बसलोय.

त्या कंपनीला मेल लिहा. आजच. आपल्याकडे ॲक्च्युरियल म्हणजे एक गाव आहे, शहर नव्हे. आज ज्या मॅडमनी तुम्हाला अकरा मिनिटांत कटवलं, त्याच चार वर्षांनी सेमिनारला शेजारच्या खुर्चीत असतील. त्यांच्या डोक्यात तुमचं नाव ‘खोटा सीव्ही’ या खणात पडलंय. ते तिथून काढायची हीच वेळ, महिन्याभराने लिहिलेल्या मेलला सारवासारवीचा वास येतो.

मेल चार ओळींचा हवा. ती ओळ मी लिहिलेली नाही. माझा मूळ सीव्ही सोबत जोडतोय. माझा सीव्ही यापुढे त्या एजन्सीमार्फत ग्राह्य धरू नये. आपला वेळ गेला त्याबद्दल दिलगीर आहे. बस. ‘मला आणखी एक संधी द्या’ हे चुकूनही लिहू नका, आणि रिक्रूटरच्या नावाने शिमगाही करू नका. मूळ सीव्ही तुम्ही त्याला ज्या मेलने पाठवला होता तोच मेल पुढे ढकलता आला तर उत्तम, तारीख आपोआप दिसते.

आणि एक राहिलं. त्यांनी दाखवलेला तो त्रिकोण सीएम२ च्या अभ्यासक्रमात आहे, सीएस१-सीएम१ मध्ये नाही. त्यामुळे तो आला नाही याची लाज वाटून घेऊ नका.

कृष्णाकाठ

गुणक, मेल पाठवला. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून जरा हायसं वाटलं. पण तो त्रिकोण डोक्यातून जात नाहीये. साध्या शब्दांत सांगाल का?

गुणक

सांगतो, कागद घ्या.

अपघात २०२१ साली झाला म्हणून सगळे दावे २०२१ मध्येच मिटत नाहीत. काही त्याच वर्षी, काही पुढच्या, कोर्टात गेलेले आणखी पुढे. समजा २०२१ च्या अपघातांपोटी पहिल्या वर्षाअखेर १०० रुपये दिले, दुसऱ्याअखेर एकूण १५०, तिसऱ्याअखेर एकूण १६५. २०२२ च्या अपघातांपोटी पहिल्याअखेर १२०, दुसऱ्याअखेर १८०. २०२३ च्या अपघातांपोटी फक्त पहिलं वर्ष झालंय, १४०. एकाखाली एक मांडा, त्रिकोण दिसेल.

आता पहिल्या वर्षाकडून दुसऱ्याकडे जाताना आकडा किती फुगतो? १५० अधिक १८०, भागिले १०० अधिक १२०. म्हणजे ३३० भागिले २२०, दीडपट. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे १६५ भागिले १५०, म्हणजे १.१. मग २०२२ चा आकडा १८० गुणिले १.१, १९८ वर थांबेल. २०२३ चा १४० गुणिले १.५ गुणिले १.१, म्हणजे २३१. आजवर दिलेले वजा करा: १८ अधिक ९१. कंपनीने अजून १०९ रुपये बाजूला ठेवायला हवेत.

याला चेन लॅडर म्हणतात. हिशेब सातवीच्या मुलालाही येईल. खरा प्रश्न मॅडमनी दुसराच विचारला होता: शेवटचा फॅक्टर कसा निवडाल? तो १.१ एकाच वर्षाच्या जिवावर उभा आहे. त्या वर्षी एखादा मोठा दावा घुसला असेल तर? तिसऱ्या वर्षानंतरही दावे येत राहिले तर? तिथे अनुभव लागतो आणि तिथेच तुमच्या रिक्रूटरची ओळ उघडी पडली.

गंमत बघा, तुमच्या अडीच वर्षांचा खरा उपयोग इथेच आहे. त्रिकोणात पडणारा प्रत्येक आकडा तुम्ही तपासत होतात त्याच डेटातून येतो. दाव्याची तारीख म्हणजे अपघाताची की कळवल्याची, पुन्हा उघडलेला दावा कुठल्या रकान्यात जातो, रद्द झालेला चेक वजा झाला का. नवीन पोरांना हे वर्षवर्ष कळत नाही. सीव्हीत ‘रिझर्विंग’ न लिहिता हे लिहा. खरंही आहे आणि जास्त वजनदारही.

ठाणेकरीण

मी या धाग्यातली खलनायिका. भरतीच्या धंद्यात चौदा वर्षं, त्यातली सात विमा-बँकिंगमध्ये. शिव्या नंतर द्या, आधी हिशेब ऐका.

आमची फी उमेदवार देत नाही, कंपनी देते. सर्रास चालणारा आकडा म्हणजे वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के. बारावा भाग, म्हणजे एक महिन्याचा पगार. कृष्णाकाठ, तुम्ही १३ लाखांवर लागलात तर एजन्सीला साधारण १ लाख ८ हजार. २२ वर लागलात तर १ लाख ८३ हजार. तो तुम्हाला २२ का सांगायला लावतोय, कळलं? आणि ही फी तुम्ही रुजू झाल्यावर काही महिन्यांनी हातात पडते. तुम्ही ६०-९० दिवसांत सोडून गेलात तर दुसरा माणूस फुकट शोधून द्यायचा किंवा पैसे परत. प्रत्येक करारात असतं हे.

आता क्षेत्र बदलणारा उमेदवार या हिशेबात कुठे बसतो? कुठेच नाही. कंपनी एजन्सीकडे जाते ती तयार माणूस हवा म्हणून. दोन पेपरवाला नवखा हवा असेल तर त्यांच्याकडे कॉलेजातून आणि थेट अर्जांतून ढीग पडलेला असतो, त्यासाठी महिन्याचा पगार कोण मोजेल? म्हणजे तुमच्या रिक्रूटरच्या हातात अनुभवी माणसाची रिकामी जागा होती आणि तुमच्यासारखा सीव्ही. त्याने खोट्याचं ठिगळ लावलं. बरेचदा हे काम करणारी २३-२४ वर्षांची मुलं असतात, दिवसाला अमुक इतके सीव्ही पाठवायचं टार्गेट असतं, आणि रिझर्विंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं. समर्थन करत नाहीये. माझ्या टीममध्ये कुणी केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मग आमचा उपयोग काय? अनुभव नसताना फारसा नाही, खरंच सांगते. पहिली नोकरी थेट अर्ज, ओळख, किंवा आहात त्याच कंपनीतली अंतर्गत बदली, याच वाटांनी मिळते. चार-पाच पेपर आणि दोन वर्षांचा खरा अनुभव झाला की आम्हीच मागे लागू, तेव्हा नखरे करा.

तोवर कुणाचा फोन आलाच तर कंपनीचं नाव विचारल्याशिवाय सीव्ही द्यायचा नाही. नाव सांगत नसेल तर ती जागा त्याच्याकडे नाही, तो नुसता सीव्ही गोळा करतोय. सीव्ही पीडीएफमध्ये द्या, वर्डमध्ये नको. पीडीएफही बदलता येतं, पण आळशी माणूस बदलत नाही. आणि मेलमध्ये एक वाक्य हवंच: ‘मला लेखी विचारल्याशिवाय माझा सीव्ही कुठल्याही कंपनीला पाठवू नये.’

हे शेवटचं वाक्य का, तर ‘ओनरशिप’. एजन्सीने तुमचा सीव्ही एखाद्या कंपनीत एकदा टाकला की सहा महिने ते वर्षभर तुम्ही तिथे त्या एजन्सीचे ‘उमेदवार’. मध्ये तुम्ही स्वतः अर्ज केलात तरी एजन्सी फी मागू शकते. दोन एजन्सींनी एकच सीव्ही टाकला तर एचआर भांडणात पडण्यापेक्षा तुम्हालाच वगळतं. माझ्या डोळ्यांसमोर चांगली मुलं अशी गेलीत, आणि आपण का गेलो हे त्यांना कधी कळलंही नाही.

कृष्णाकाठ

बाप रे. ठाणेकरीण ताई, मी तर गेल्या वर्षी एकाला सरळ सांगितलं होतं, “जिथे जमेल तिथे टाका”.

ठाणेकरीण

त्याला आजच मेल करा. ‘कुठे कुठे पाठवलात त्याची यादी द्या.’ देणार नाही बहुतेक, पण तुमचा मेल तारखेसकट राहील.

मृगनक्षत्र

मी नाशिकला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते, तासिका तत्त्वावर. मलाही या क्षेत्रात यायचंय म्हणून एका साइटवर सीव्ही टाकला होता. दोन दिवसांत फोन. “मॅडम, तुमची निवड झाली आहे, फक्त ट्रेनिंग आणि रजिस्ट्रेशनचे १४,५०० भरा, रुजू झाल्यावर पहिल्या पगारात परत.” ऑफर लेटरही पाठवलं, नामांकित कंपनीचा लोगो, खाली सही. मी अक्षरशः भरणार होते. यजमानांनी लेटर वाचलं आणि म्हणाले, यात तुझं पद ‘ॲक्टिव्हरी ऑफिसर’ लिहिलंय. त्या एका स्पेलिंगने साडेचौदा हजार वाचले.

गुणक

मृगनक्षत्र, थोडक्यात वाचलात. नोकरी देणारा उमेदवाराकडे पैसे मागतो तिथे नोकरी नसते. पैसे गेलेच असतील कुणाचे तर तासाभरात १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जायची शक्यता जास्त.

तुमच्यासाठी पहिली पायरी नोकरी नव्हेच, एसेट. तीन तास, ७० प्रश्न, १०० गुण, ५० ला पास. गणित, संख्याशास्त्र, डेटा, इंग्रजी, तर्क. अकरावी-बारावीला शिकवताय म्हणजे निम्मा अभ्यास झालेलाच आहे.

योगक्षेम_निवृत्त

तरुणांनो, एका म्हाताऱ्याचे दोन शब्द. मी १९८१ साली एलआयसीत लागलो, नरिमन पॉइंटला, योगक्षेममध्ये, म्हणजे मुख्य कचेरीत. रिक्रूटर नावाचा प्राणी आम्ही पाहिला नव्हता. पेपरात जाहिरात यायची, लेखी परीक्षा व्हायची, पोस्टाने कॉल लेटर यायचं. ॲक्च्युअरी व्हायचं तर लंडनच्या इन्स्टिट्यूटच्या परीक्षा. इथल्या ॲक्च्युअरींच्या सोसायटीने स्वतःच्या परीक्षा १९८९ पासून सुरू केल्या, आणि आजची तुमची इन्स्टिट्यूट २००६ च्या कायद्याने आली. तिचं ऑफिस आता नवी मुंबईत सीवूड्सला आहे म्हणे. आम्ही फॅसिट मशीनची (हाताने चालवायच्या गणनयंत्राची) मूठ फिरवत बसायचो, संध्याकाळी मनगट दुखायचं.

मी चार पेपर काढले आणि थांबलो. थांबलो म्हणजे पाचवा तीनदा बुडाला. मग प्रशासनात गेलो, सुखाने निवृत्त झालो. हे अशासाठी सांगतोय की इथे सगळे पहिल्या नोकरीची चर्चा करताहेत, आणि फेलो, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी, व्हायला तेरा पेपर आहेत. आमच्या बॅचचे दहातले दोन शेवटपर्यंत गेले. कृष्णाकाठ, तुमचं वय बत्तिसाच्या आसपास असेल. मुलगी बालवाडीत आहे म्हणता, ती सातवी-आठवीत जाईल तोवर तुमच्या घरात परीक्षा दोघांच्या असतील. सूनबाईंशी हे बोलून घ्या. रिक्रूटर हे विचारणार नाही.

लीड्सकर

काकांना +१.

मी भारतात तीन पेपर आणि चार वर्षं करून इकडे इंग्लंडात आलो. इकडचे रिक्रूटर फक्त ॲक्च्युरियलच करणारे असतात, त्यामुळे त्यांना सीएम२ आणि एसपी८ (बराच पुढचा पेपर) मधला फरक कळतो. उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं इथे १९७३ पासून कायद्यानेच बंद आहे. पण ते गोड बोलतात म्हणून हुरळून जाऊ नका. व्हिसाचा स्पॉन्सर लागतो म्हटल्यावर फोनवरचा सूर कसा बदलतो ते मी सात-आठ वेळा ऐकलंय. नवख्याला इकडूनही थेट उचलत नाहीत. आधी तिकडे पाय रोवा.

हिशेबनीस

धागा उशिरा पाहिला. सीए आहे, म्हणून फक्त पैशाचं बोलतो. कृष्णाकाठ, सध्याच्या कंपनीत किती वर्षं झाली?

कृष्णाकाठ

चार वर्षं तीन महिने. का हो?

हिशेबनीस

वाटलंच. ‘अर्जंट’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून आज राजीनामा दिलात तर ९० दिवसांनी, साडेचार वर्षांवर बाहेर पडाल. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं २४० दिवस झाले की पाच धरावीत, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलंय, पण सगळ्या कंपन्या ते बिनबोभाट मानतात असं नाही, आणि तुम्ही तर त्याच्याही आतच आहात.

आकडा बघा. बेसिक समजा ६०,०००. पंधरा भागिले सव्वीस, गुणिले ६०,०००, गुणिले पाच. १ लाख ७३ हजार. पगारात कपात घेऊन जाणाऱ्या माणसासाठी ही तीन-चार महिन्यांच्या हप्त्यांची उशी आहे. सीटीसीच्या कागदावर ‘ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के’ अशी ओळ असते ना? ती हीच, पंधरा भागिले सव्वीस भागिले बारा. म्हणजे ती रक्कम तुमच्या पगाराच्या आकड्यात आधीच मोजून ठेवली आहे. तुम्ही आधी गेलात तर ती कंपनीकडेच राहते.

गुणक

आणि यातली खरी मेख अशी की कंपनीला ग्रॅच्युइटीसाठी किती तरतूद करायची हे दरवर्षी ॲक्च्युअरीच काढून देतो. त्यात दरवर्षी किती टक्के लोक सोडून जातील हे धरलेलं असतं. आयटी कंपनीत तो आकडा चांगलाच जाड असतो. कृष्णाकाठ, कुठल्यातरी एक्सेलमध्ये तुम्ही ‘पाचच्या आत जाणार’ म्हणून आधीच वजा झालेले आहात. त्या बिचाऱ्याचं गृहीतक चुकवा.

कृष्णाकाठ

हे वाचून बायको इतकी हसली की मुलगी जागी झाली. ठरलं. घाई नाही. आधी सीएम२, मग बाकीचं.

जाता जाता: दुसऱ्या कंपनीसाठी त्या रिक्रूटरला नकार कळवला. त्याचं उत्तर: “सर आप सीरियस नहीं हो.”

काडीपेटी

पहिल्यांदाच तो काहीतरी स्वतःचं लिहिलेलं बोलला.

कृष्णाकाठ

सात महिन्यांनी धागा वर काढतोय. दोघा-तिघांनी व्यनि करून विचारलं, म्हणून.

सीएम२ निघाला. सोबत सीएस२ पण दिला होता, तो गेला, आणि जायलाच हवा होता. मार्कोव्हच्या साखळ्या मी ऑफिसच्या बसमध्ये वाचत होतो.

त्या पहिल्या कंपनीला मेल पाठवला होता, त्याला दुसऱ्याच दिवशी त्या मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं होतं. ‘धन्यवाद, सीएम२ झाल्यावर कळवा.’ इथे मुद्दाम लिहिलं नव्हतं, नजर लागेल म्हणून. निकाल लागल्यावर कळवलं तर मेल परत आला. मॅडम मधल्या काळात कंपनी सोडून गेल्या होत्या! दोन दिवस डोकं धरून बसलो. मग त्याच कंपनीच्या करिअर पानावरून साधा अर्ज केला, ओळखपाळख नसल्यासारखा.

बोलावलं. या वेळी तिघं होते, सगळे नवीन चेहरे. त्रिकोण नाही विचारला (मी महिनाभर त्रिकोणच काढत होतो). विचारलं ते असं: सलग दोन छापे पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? सहा. ते आलं. मग म्हणाले, तुमच्या सीव्हीत लिहिलंय की तुम्ही दाव्यांच्या तारखांमधल्या चुका शोधायचात, एखादं उदाहरण द्या. तिथे मी पंचवीस मिनिटं बोललो. एका राज्यातले सगळे जुने दावे नव्या सिस्टीममध्ये येताना एकाच तारखेचे झाले होते, तो किस्सा. त्यांच्यातल्या एकाने वही काढून लिहून घेतलं.

मग ऑफरच्या वेळी एचआरचा फोन. “तुमचं नाव आमच्याकडे एका एजन्सीमार्फत आधीच नोंदलेलं आहे, वर्षभराची मुदत संपलेली नाही.” ठाणेकरीण ताई, तुमची आठवण झाली. मी तो सात महिन्यांपूर्वीचा मेल पुढे पाठवला, ज्यात ‘माझा सीव्ही त्या एजन्सीमार्फत ग्राह्य धरू नये’ असं होतं. तरी तीन आठवडे त्यांच्या लीगलमध्ये भिजत घोंगडं. त्या तीन आठवड्यांत काय झोप लागली ते मलाच ठाऊक. शेवटी पत्र आलं. १३ लाख ४० हजार. हुद्दाही नवख्याचाच, शेजारी बसणारी मुलगी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असणार आहे.

गेल्या आठवड्यात राजीनामा दिला. शेवटचा दिवस पाच वर्षं आणि नऊ दिवसांवर येतोय. नऊ दिवस हिशेबनीसांसाठी.

ठाणेकरीण

अभिनंदन! एकच विचारते. अभ्यासाची रजा आणि परीक्षेची फी पत्रात आहे का, की तोंडी?

कृष्णाकाठ

तोंडी आहे. “आमच्याकडे स्टडी पॉलिसी आहे” असं म्हणाले.

ठाणेकरीण

पॉलिसीची प्रत मागा, सही करण्याआधी. पेपरमागे किती दिवस, नापास झाल्यावर दुसऱ्यांदा फी कोण भरणार, आणि पास झाल्यावर दोन वर्षं थांबायची अट आहे का, एवढं तरी बघा. शेवटचं विशेष.

योगक्षेम_निवृत्त

आणि सीएस२ चा फॉर्म भरा आधी. अभिनंदन नंतर.

कृष्णाकाठ

काका, काल रात्रीच भरला. ताई, प्रत मागवलीय, आली की इथेच टाकतो. नाव झाकून.

मृगनक्षत्र

मी एसेट झाले! ६१ गुण. गुणक, तुमचा तो १०९ रुपयांचा त्रिकोण मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर घेतला. एका मुलाने विचारलं, “बाई, पण १.१ च कशावरून?” त्याला काय सांगू?

गुणक

सांगा, बारावीनंतर भेट म्हणून.